ओझें आणि जिना

चाकाचा शोध हा मानवी संस्कृतीच्या इतिहासांतील एक मोठा टप्पा होय, असें शाळेंतील क्रमिक पुस्तकांपासून तों मोठमोठ्या ग्रंथांपर्यंत सर्वत्र लिहिलेलें आढळतें. आणि तें खोटें नाहीं. परंतु चाकाचें हें माहात्म्य सपाट जमिनीपुरतें आहे, ही गोष्ट त्याच्या स्तुतिपाठकांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. जिन्याच्या पहिल्या पायरीशीं येतांच चाक थबकतें, आणि तेथून पुढचा प्रवास पुनः पुराणकाळच्या रीतीनें, म्हणजे मनुष्याच्या डोक्यावरून आणि पाठीवरून, सुरू होतो. लातूरच्या मोंढ्यांत येणारें धान्याचें पोतें शेतापासून आडत्याच्या दारापर्यंत रबरी चाकांवर येतें. लोखंडी कपाट पुण्याहून आमच्या मुरुडापर्यंत मालमोटारीनें येतें. पण तें वरच्या मजल्यावर न्यावयाचें झालें, कीं चार माणसें, दोन दोर आणि नुसताच ओरडणारा एक इसम एवढा सरंजाम लागतो. अलीकडे हौशी कारागीर आपल्या घरीं, भंगारांतल्या आणि बाजारांतल्या सुट्या भागांपासून, विजेच्या मोटारीवर जिना चढणारी हातगाडी बनवूं लागले आहेत. हें यंत्र लहान आहे, आणि पाहणाराला खेळण्यासारखें वाटण्याचाहि संभव आहे. परंतु त्याची कुळकथा मोठी आहे, आणि तिच्यांतील बरींच पानें आमच्या मराठवाड्यांतच लिहिलीं गेलीं आहेत. तीं चाळून पाहण्याचा येथें विचार आहे.

ओझें वर नेण्याविषयीं आमच्या पूर्वजांनीं जी सर्वांत शहाणपणाची युक्ति योजिली, ती म्हणजे ओझें वर न नेणें. हा विनोद नव्हे. लातूरचें प्राचीन नांव लट्टलूर. राष्ट्रकूट राजे 'लट्टलूरपुरवराधीश्वर' हें बिरुद अभिमानानें मिरवीत. त्यांच्यांतील पहिल्या कृष्णाच्या कारकीर्दींत, आठव्या शतकांत, वेरूळचें कैलास लेणें खोदलें गेलें. त्याच्या शिल्पाची स्तुति पुष्कळांनीं केली आहे. पण ओझ्याच्या दृष्टीनें त्याकडे फार थोड्यांनीं पाहिलें असेल. सामान्य देवालय पायापासून कळसाकडे चढतें, आणि त्याचा प्रत्येक चिरा कोणींतरी वर चढवावा लागतो. कैलास कळसापासून पायाकडे उतरला. शिखर जेथें आहे तेथेंच तें आधींपासून डोंगराच्या रूपानें होतें. पाथरवटानें फक्त भोंवतालचा नको असलेला खडक काढून टाकला. लाखाहून अधिक टन दगड त्या जागेवरून हलला, परंतु मंदिरासाठीं म्हणून एकहि चिरा वर उचलावा लागला नाहीं. ज्यानें ही योजना मनांत आणिली त्याला गुरुत्वाकर्षणाचें नांव ठाऊक नसेल. त्याचा स्वभाव मात्र पुरता ठाऊक होता.

हाच विचार, अधिक घरगुती रूपानें, आमच्याकडील पेंवांत दिसतो. जमिनींत खोल खड्डा खणून, आंतून तो लिंपून, त्यांत ज्वारी भरून वरून तोंड बंद करावयाचें. पेंवाचे गुण सांगतांना लोक सुरक्षितपणा आणि ओल न लागणें हे दोन सांगतात. तिसरा सांगावयाचा राहून जातो. धान्य भरतांना पोतें उचलावें लागत नाहीं, ओतावें लागतें. उपसतांना श्रम पडतात हें खरें, आणि उघडलेल्या पेंवांत उतरणें जिवावरचें असे हेंहि खरें. पण उपसा वर्षभर थोडाथोडा चालतो, आणि भरणी सुगीच्या त्या आठ दिवसांत, जेव्हां माणूस आधींच थकलेला असतो.

परंतु आमचे लोक नेहमींच इतके शहाणे नव्हते. धान्य त्यांनीं खालीं नेलें आणि माती वर नेली. मराठवाड्यांतील माळवदाचें घर ज्यानें पाहिलें असेल, त्याला त्याच्या छपराची जाडी आठवत असेल. सागवानी खांबांवर तुळया, तुळयांवर किलचा, आणि त्यांवर हातभर, कोठें दोन हात, पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यांत घर थंड राहतें, पावसाळ्यांत गळूं नये म्हणून दर वैशाखांत वर नवी माती टाकावयाची. जुनी मात्र काढावयाची नाहीं. हिशेब करून पाहावा. एक चौरस मीटर जागेवर अर्धा मीटर माती म्हणजे सुमारें ८०० किलो. तीन मीटर रुंद आणि चार मीटर लांब अशा लहानशा खोलीवर साडेनऊ टनांहून अधिक. पंधरा किलोची पाटी धरली, तर एका खोलीच्या माथ्यावर सहाशेंचाळीस पाट्या चढल्या. त्या शिडीवरून किंवा अरुंद जिन्यावरून चढल्या, आणि बहुतांशीं बायकांच्या डोक्यावरून. पिढ्यान् पिढ्या, पाटी पाटी करून वर नेलेलें हें ओझें ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनीं, एकदम खालीं आलें. किल्लारी, सास्तूर आणि भोंवतालच्या गांवांत त्या पहाटे सुमारें आठ हजार माणसें मेलीं. कांहींच्या मतें याहून पुष्कळ अधिक. भूकंपाचा धक्का जगांतील मोठ्या धक्क्यांच्या मानानें मध्यम होता. माणसें मेलीं तीं मुख्यतः दगडामातीच्या भिंतींखालीं आणि माळवदाखालीं. ओझें वर नेतांना जे श्रम पडतात ते नाहींसे होत नाहींत, ते त्या ओझ्यांत सांठून राहतात, हें पदार्थविज्ञानाचें साधें तत्त्व शिकविण्यासाठीं यापेक्षां भयंकर उदाहरण मला तरी ठाऊक नाहीं.

आतां ज्या ठिकाणीं ओझें वर नेल्यावांचून गत्यंतरच नव्हतें, तेथें काय केलें हें पाहूं. विहिरीचें पाणी हें असें ओझें आहे. तें वर आणण्यासाठीं शेतकऱ्यानें जी मोट रचली तिची रचना बारकाईनें पाहण्याजोगी आहे. बैल धांवेवरून खालीं उतरतात तेव्हां मोट वर येते. म्हणजे बैलांच्या ओढीला त्यांच्या स्वतःच्या वजनाची मदत होते. नाडा मोटेचें वजन पेलतो, सोंदूर तिची सोंड सांभाळतो, आणि ठराविक जागीं येतांच ती आपोआप थारोळ्यांत रिकामी होते. कोणाहि विद्यालयांत न शिकलेल्या माणसानें उतार, चाक आणि दोर या तिहींचा एवढा नेमका मेळ घातला. पण तीच युक्ति त्यानें घराच्या जिन्याला लावली नाहीं. विहिरीपाशीं बैल होता, जिन्यापाशीं गडी होता. बैलाला चारा घालावा लागे व तो मेला तर विकत आणावा लागे. म्हणून त्याच्या श्रमाचा विचार झाला, अशी शंका मनांत आल्याशिवाय राहात नाहीं.

तोफांच्या बाबतींत मात्र विचार करणें भागच पडलें, कारण तोफ गड्याच्या डोक्यावर बसत नाहीं. विजापूरची मुलुखमैदान तोफ इ. स. १५४९ मध्यें अहमदनगरास ओतली गेली. लांबी साडेचार मीटरांच्या आंतबाहेर, आणि वजन सुमारें ५५ टन. निजामशाही खिळखिळी झाल्यावर ती आमच्या शेजारच्या परंड्याच्या किल्ल्यांत होती. तेथून १६३२ सालीं मुरार जगदेव यानें ती विजापुरास नेली. तिला चारशें बैल, दहा हत्ती आणि शेंकडों माणसें जुंपलीं होतीं असें सांगतात. तिची जोडीदारीण कडकबिजली वाटेंत भीमेच्या पात्रांत बुडाली, अशीहि आख्यायिका आहे. आंकड्यांविषयीं कोणीं वाद घालावयाचा असेल तर घालावा. परंतु एवढ्या वजनाची वस्तु नदीनाले ओलांडून गेली आणि पुढें उंच बुरुजावर चढली, हें तोफ आजहि त्या बुरुजावर बसून सांगत आहे. याच मुरार जगदेवानें पुढील वर्षीं भीमा-इंद्रायणीच्या संगमावर तुला केली, आणि हत्तीचें वजन करण्यासाठीं त्याला नावेंत चढवून पाण्याची रेघ पाहिली, मग त्या रेघेपर्यंत नाव बुडेतों तींत दगड भरले, ही कथा महाराष्ट्रांत सर्वांना माहीत आहे. त्या गांवाला तुळापूर हें नांव त्यावरूनच पडलें म्हणतात. जड वस्तूंशीं ज्याचा नित्य संबंध आला त्याच्या नांवाभोंवतीं अशी कथा जमावी, हें योग्यच म्हणावें लागेल.

परंतु या सर्वांहून मला आवडणारी हकीगत देवगिरीची आहे. टाव्हर्निये नांवाचा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकांत अनेक वेळां हिंदुस्थानांत आला. त्याचें प्रवासवर्णन १६७६ सालीं पॅरिस येथें प्रसिद्ध झालें. दौलताबादेच्या किल्ल्याचें वर्णन करतांना तो सांगतो कीं, तेथें मोगलांच्या चाकरींत एक वलंदेज गोलंदाज होता. पंधरासोळा वर्षें नोकरी झाल्यावर त्याला घरीं जाण्याची ओढ लागली. त्यानें रजा मागितली, पुनः मागितली. ज्या वलंदेज कंपनीनें त्याला बादशहाच्या दिमतीस दिलें होतें तिनेंहि खटपट केली. पण गोलंदाज कसबी, दारूकामांतहि हुशार, म्हणून बादशहा त्याला सोडीना. पुढें शिवाजी महाराजांवर चालून जाण्यासाठीं मिर्झा राजा जयसिंग दक्षिणेंत आला, तेव्हां या गोलंदाजानें त्याला गांठलें आणि एक सौदा मांडला. किल्ल्यावर मारा करतां येईल अशी एक उंच टेंकडी होती; तिच्या माथ्यावर तोफा चढवून देण्याची युक्ति आपण दाखवितों, त्याबदलीं राजानें बादशहाकडून आपली सुटका करवावी. राजानें तें मान्य केलें. तोफा थोड्याच दिवसांत वर गेल्या. जयसिंगानें शब्द पाळला, आणि १६६७ सालाच्या आरंभीं हा मनुष्य सुरतेस येऊन स्वदेशाच्या गलबतावर चढतांना टाव्हर्नियेनें स्वतः पाहिला.

ती युक्ति कोणती, हें टाव्हर्नियेनें लिहिलें नाहीं. त्याला हिऱ्यांच्या कॅरटांचा हिशेब तपशीलवार देतां येतो, पण एक मनुष्य ज्या यंत्राच्या जोरावर स्वतंत्र झाला त्याविषयीं एक ओळ लिहावीशी वाटली नाहीं! असो. तर्क करावयाचा झाला तर साधनें तींच असणार: खडकांत रोंवलेले खुंट, रहाट, कप्प्या, ताग किंवा काथ्याचे दोर, आणि वळणावळणानें काढलेला उतार. त्यांतील एकहि वस्तु त्या देशांत नवी नव्हती. नवी होती ती गरज. सोळा वर्षें कोणींहि वर नेण्याचें मनावर न घेतलेल्या तोफा, एका माणसाला घरीं जावयाचें होतें म्हणून, वर गेल्या.

यानंतरचें मोठें स्थित्यंतर लोखंडी रुळांनीं केलें, आणि आमच्या प्रांतापुरतें तें एका लहानशा गाडीनें केलें. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनियरानें कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फूट रुंदीच्या रुळांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ सालीं सुरू केली. ती वाढत वाढत मुरुडावरून १९११ सालीं लातुरास पोंचली. कॅल्थ्रॉपचा सिद्धांत असा कीं, प्रत्येक आंसावर पांच टनांहून अधिक भार येऊं न दिल्यास हलक्या रुळांवरूनहि भरपूर माल नेतां येतो. तो त्यानें खरा करून दाखविला. लातूरची बाजारपेठ या गाडीनें फुलली; गंजगोलाईची वर्तुळाकार इमारत १९१७ सालची, म्हणजे गाडी आल्यानंतर सहा वर्षांतली. परंतु कुर्डुवाडीस लहान रूळ संपत आणि मोठे रूळ सुरू होत, आणि तेथें प्रत्येक पोतें व कापसाची प्रत्येक गांठ एका डब्यांतून काढून दुसऱ्या डब्यांत टाकावी लागे. गांठीचें वजन ३९२ रत्तल, म्हणजे जवळजवळ १७८ किलो. दोन वाघिण्यांमधलें अंतर हातभर. पण त्या हातभर अंतरावर शेंकडों हमालांचें आयुष्य गेलें. ही दुहेरी उचल कॅल्थ्रॉपलाहि खुपत होती असें दिसतें. कारण १९०४ सालीं सुरू झालेल्या इंग्लंडांतील आपल्या दुसऱ्या एका लहान रेल्वेवर त्यानें मोठी वाघीण मालासकट उचलून घेणारे सपाट डबे चालविले. हाच गृहस्थ पुढें पहिल्या महायुद्धाच्या काळांत वैमानिकांसाठीं हवाई छत्री बनविण्याच्या मागें लागला. ओझें वर कसें न्यावें याचा विचार करणारा मनुष्य शेवटीं तें सुखरूप खालीं कसें यावें याच्या विचाराशीं येतो, हें स्वाभाविक आहे. त्याचें कारण पुढें येईलच. बार्शी लाइट १९५४ सालीं सरकारनें घेतली, आणि २००७-०८ मध्यें लातूरपर्यंत रुंद रूळ आल्यावर ती उचल एकदांची थांबली.

मोंढ्यांतील उचल मात्र थांबली नाहीं. अडीच बंगाली मणांचें जुनें पोतें सुमारें ९३ किलोचें असे. दशमान पद्धति आल्यावर शंभर किलोंचें पोतें रूढ झालें. भाव क्विंटलला, पोतें क्विंटलचें, हिशेब सोपा. आडत्याच्या लेखणीला जी सोय झाली तिचे वरचे सात किलो हमालाच्या मणक्यावर आले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनें १९६७ सालीं एका माणसानें उचलावयाच्या ओझ्याविषयीं करार केला, आणि त्यासोबतच्या शिफारशींत प्रौढ पुरुषासाठीं ५५ किलोंची मर्यादा सुचविली. भारतानें हा करार मान्य केला तो २०१० सालीं. म्हणजे त्रेचाळीस वर्षांनीं. मधल्या काळांत जें झालें तें हमालांनीं स्वतः केलें. पुण्यांत डॉ. बाबा आढाव यांनीं १९५५ च्या सुमारास हमाल पंचायत उभी केली. मुंबईंत अण्णासाहेब पाटील यांनीं माथाडी कामगारांची संघटना बांधली. आणि या दडपणांतून महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम १९६९ सालीं झाला. ज्या मजुरांना कायमचा मालक नाहीं त्यांच्यासाठीं मंडळें नेमून, मालकांकडून मजुरीवर अधिक आकार घेऊन, भविष्यनिर्वाह निधि, रजा व औषधोपचार यांची तरतूद करणारा हा कायदा जगांतहि विरळा समजला जातो. 'माथाडी' हा शब्दच पाहा. माथा हें मनुष्याच्या शरीराचें श्रेष्ठ अंग. इतर भाषांतील मजूर हातांवरून ओळखला जातो, आमचा माथ्यावरून.

आतां यंत्राकडे वळूं. आणि आधीं थोडें गणित करूं, कारण गणितावांचून केलेलें यंत्र पहिल्या पायरीवरच मालकाला दगा देतें. साठ किलो वजनाचा हमाल शंभर किलोंचें पोतें घेऊन तीन मीटर उंचीचा जिना वीस सेकंदांत चढला, तर तो सुमारें २३५ वॅट शक्ति खर्च करतो. त्या वेळीं एका अश्वशक्तीचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्याच्या शरीरांतून बाहेर पडतो. पण त्या श्रमांतले तीन अष्टमांश त्याचें स्वतःचेंच शरीर वर नेण्यांत जातात. पोत्याच्या वांट्याला येतात पांच अष्टमांश. स्वयंपाकघरांतील मिक्सरची मोटार पांचशें वॅटची असते. म्हणजे हमालाहून दुपटीनें जोरदार असें यंत्र आमच्या घरोघरीं चटणी वाटीत बसलेलें आहे! तेव्हां आजवर अडलें तें शक्तीसाठीं नव्हे. अडलें तें दोन गोष्टींवर: गोल चाकानें चौकोनी पायरी कशी चढावी, आणि वाटेंत वीज गेली तर काय.

पहिल्या प्रश्नाचें सोपें उत्तर तीन चाकांच्या ताऱ्यांत आहे. आंसाच्या दोन्ही टोंकांना तीन तीन हातांची एक एक चौकट, आणि प्रत्येक हाताच्या टोंकाला एक लहान चाक. सपाट जमिनीवर दोन चाकें टेकलेलीं, तिसरें वर. पायरी आली कीं सबंध चौकट फिरते, वरचें चाक पुढच्या पायरीवर जाऊन बसतें, आणि तृतीयांश फेऱ्यांत एक पायरी चढून होते. हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर १९६७ सालीं अमेरिकेंतील लॉकहीड कंपनीनें, रॉबर्ट व जॉन फोर्साइथ यांच्या रचनेवरून, चिखलांतून व ओबडधोबड जमिनीवरून चालणाऱ्या एका वाहनाला लावली होती. वाहन मागें पडलें, ताऱ्याची कल्पना हातगाडीच्या रूपानें टिकली.

समजा, पोतें शंभर किलोंचें आणि गाडी पंचवीस किलोंची. पायरी साडेसतरा सेंटिमीटर उंच. प्रत्येक पायरीला सुमारें २१५ ज्यूल कार्य होतें. विजेच्या सायकलीसाठीं जी चोवीस व्होल्टची, अडीचशें वॅटची मोटार आतां बाजारांत मिळते, ती घेतली आणि तिची निम्मी शक्ति दांतेरी चाकांच्या घर्षणांत गेली असें धरलें, तरी पावणेदोन सेकंदांना एक पायरी पडते. सतरा पायऱ्यांचा जिना अर्ध्या मिनिटांत होतो. मोटार मिनिटाला तीन हजार फेरे घेणारी असेल, तर तारा मिनिटाला बारा फेरे घेणार. म्हणजे वेग अडीचशेंपट उतरवावा लागतो. हें काम दोन टप्प्यांत विभागणें बरें: आधीं तीसास एक या प्रमाणाचें मळसूत्री दांतेरी चाक, ज्याला कारागीर वर्म म्हणतात, आणि मग जाड साखळी. बारा अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर शंभर खेपांना पुरते. प्रत्यक्षांत निम्म्या होतील असें धरून चालावें; कागदावर जिन्याला वळण नसतें.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे, आणि घरगुती कारागीर चुकतो तो येथेंच. त्याचें सर्व लक्ष चढण्याकडे असतें. १८५४ सालीं न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत एलिशा ओटिस पाळण्यावर उभा राहिला आणि त्यानें वरचा दोर लोकांसमक्ष तोडविला. पाळणा जागच्या जागीं अडकून राहिला. ओझें वर ओढणारे पाळणे त्यापूर्वींहि पुष्कळ होते. लोकांना हवा होता तो न पडणारा पाळणा, आणि उंच इमारतींचा सारा इतिहास त्या एका अडकणीवर टांगलेला आहे. आपल्या हातगाडींत एका आट्याच्या मळसूत्राचा हाच उपयोग: मोटार ताऱ्याला फिरवूं शकते, तारा मोटारीला उलट फिरवूं शकत नाहीं, वीज गेली तर ओझें आहे तेथें थांबतें. त्यासाठीं शक्तीचा मोठा भाग फुकट जातो, तो जाऊं द्यावा. पण मळसूत्राच्या पुढें साखळी आहे, आणि साखळी तुटली तर मळसूत्र काय करील? म्हणून ताऱ्याच्या आंसावरच एक दांतेरी चकती व तिच्यांत पडणारी खिट्टी हवी. खालीं उतरतांना ती हातानें उचलून धरावी आणि हात सुटतांच ती आपण होऊन पडावी. ज्यांनीं ही एक वस्तु पैसे वांचविण्यासाठीं गाळली, त्यांनीं जिन्यावर कपाट नव्हे, तोफ चढविली असें समजावें.

जुन्या रीतीनें कपाट चढवितांना दोघे वर आणि दोघे खालीं असत. वरचे दोर ओढीत, खालचे खांदा लावीत. आणि दोर सुटला तर काय होईल हें खालच्या दोघांना ठाऊक असे. खालीं बहुधा नवें पोर किंवा नव्यानें गांवांत आलेला मजूर असावयाचा. या गाडीला धरणारा मनुष्य वरच्या पायरीवर उभा राहून तिला आपल्याकडे कलती धरतो, तोल सांभाळतो आणि कळ दाबतो. खालीं कोणाचेंच काम नसतें. माझ्या मतें हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे, आणि जाहिरातदार तो कधींच सांगत नाहींत. ते वेळ वांचल्याचें सांगतात.

वेळ वांचल्यावर काय, हाच खरा वादाचा मुद्दा. गाडी आडत्यानें विकत घेतली तर चौघांचें काम एकाला मिळेल, आणि तिघे घरीं बसतील. तीच गाडी चौघा हमालांनीं मिळून घेतली, तर खेपांचा दर त्यांच्याकडे राहील आणि पाठी वांचतील. यंत्र तेंच, जिना तोच. फरक फक्त पावतीवरच्या नांवाचा. माथाडी कायदा झाला तेव्हां भार उचलणें, उतरविणें, रचणें, वाहणें हीं कामें अंगमेहनतीचीं आहेत याविषयीं कोणाला शंका नव्हती. कळ दाबणारा हात माथाडीचा कीं यंत्रचालकाचा, हा प्रश्न पुढें येणार आहे. आणि तो न्यायालयांत जाण्यापूर्वीं हमालांच्या संघटनांनीं आपल्या पैशानें पहिल्या दहा गाड्या घेऊन ठेविल्या, तर वाद अर्धा मिटलेला असेल. देवगिरीच्या गोलंदाजाजवळ बाकी कांहीं नव्हतें, युक्ति मात्र त्याच्या स्वतःच्या मालकीची होती. म्हणूनच त्याला तिचा सौदा करतां आला.

एक अडचण मात्र कोणत्याहि मोटारीनें सुटणारी नाहीं. आमच्याकडील जुन्या वाड्यांचा जिना भिंतीच्या जाडींतून काढलेला असतो. दोन फूट रुंद, पायरी दहा दहा इंच उंच, मध्येंच काटकोनांत वळण, आणि वरच्या तोंडाला आडवें पडणारें झांकण. शत्रु एकेक करून वर यावा आणि वाकूनच यावा, अशा बेतानें तो बांधलेला. साडेसतरा सेंटिमीटरांसाठीं केलेला तारा तेथें पहिल्याच पायरीला अडखळतो, आणि वळणाशीं गाडी फिरवावयास जागाच उरत नाहीं. अशा वाड्यांत पिढ्यान् पिढ्या वर राहिलेल्या शिसवी पेट्या आहेत. त्या जिन्यानें वर गेलेल्या नाहींत आणि जिन्यानें खालीं येणार नाहींत. सुतार लांकूड घेऊन वर गेला, पेटी वरच जोडली, आणि तो एकटा खालीं आला.